शिवडीचा चिखल आणि सलीम अलींची चिमणी

२०२५ चा मार्च रमजानचा होता. सहरी आणि फज्रनंतर पुन्हा झोपायचं नाही असं मी ठरवलं होतं. सातवीत शिकणारा भाचा सुट्टीसाठी आमच्याकडे आला होता, त्याला घेऊन हार्बर लाइनने शिवडीला गेलो. स्टेशनच्या पूर्वेला उतरून धक्क्याकडे चालत निघालं की गोदामं, ट्रक, भंगारात काढलेल्या बोटी लागतात आणि मग एकदम समोर खाडीचा करडा चिखल पसरलेला दिसतो. ओहोटी लागली होती. त्या चिखलावर दूरपर्यंत गुलाबी रेघ ओढल्यासारखे रोहित पक्षी उभे होते. लोक त्यांना आता फ्लेमिंगो म्हणतात, मराठीत अग्निपंख असंही म्हणतात.

गळ्यात जुनी दुर्बीण, डोक्यावर टोपी, दाढी. धक्क्यावर आणखी सात-आठ जण कॅमेरे लावून उभे होते. तिथल्या खासगी सुरक्षारक्षकाने त्यांच्यातल्या कुणाला काही विचारलं नाही. आमच्याजवळ मात्र तो येऊन उभा राहिला. कुठून आलात, दुर्बीण कशाला, पलीकडे काय बघताय? मी पक्ष्यांकडे बोट दाखवलं. त्याचं समाधान झालं नाही. आधार कार्ड दाखवलं, वहीतली पक्ष्यांची नावं दाखवली, शेवटी दुर्बीणच त्याच्या हातात दिली. दोन मिनिटं त्याने डोळ्याला लावली, "लई भारी" म्हणाला आणि निघून गेला. त्याचा मला राग नाही. त्याला जे शिकवलं तेच तो करत होता.

भाचा गप्प होता. परतीच्या वाटेवर त्याने विचारलं, "मामू, आपल्यातलं कुणी हे काम करतं का?"

"आपल्यातलं" म्हणजे काय ते मला कळलं. मला त्या पोराचा प्रश्न त्या रक्षकाच्या प्रश्नापेक्षा जास्त लागला. कारण ज्या बंदराच्या काठावर उभं राहून तो हे विचारत होता, त्याच बंदराच्या दोन्ही काठांवर या देशातलं आधुनिक पक्षीनिरीक्षण वाढलं. आणि ते वाढवणाऱ्यांत सगळ्यात मोठं नाव एका मुसलमान मुलाचं होतं, ज्यालाही त्याच्या मामूनेच वाढवलं होतं. हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

वसंतात बंदरावर काय घडतं

मुंबईत वसंत झाडांवरून फारसा कळत नाही. पांगारा आणि सावर फुलतात, पण ती बघायला डोकं वर करावं लागतं आणि मुंबईकराचं डोकं बहुधा खाली असतं. बंदरावर मात्र वसंत स्पष्ट दिसतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उत्तरेकडून आलेले किनारपक्षी सगळा हिवाळा करड्या-तपकिरी साध्या कपड्यांत काढतात. तुतारी, चिखल्या, पाणटिवळा हे सगळे तेव्हा सारखेच दिसतात आणि नवशिक्याची पुरती फजिती होते. मार्च उजाडला की त्यांचा रंग बदलू लागतो. बाकदार चोचीच्या तुताऱ्यांच्या पोटावर विटकरी डाग उमटतात आणि एप्रिलपर्यंत काही पक्षी पुरते लाल होतात. काळ्या शेपटीच्या पाणटिवळ्याची मान तांबूस होते. तपकिरी डोक्याच्या कुरवाचं डोकं हिवाळाभर पांढरंच असतं, कानामागे फक्त एक काळसर ठिपका. मार्चमध्ये त्याला खरोखर तपकिरी टोपी येते आणि नावाचा अर्थ लागतो.

हा सगळा साज विणीसाठी असतो, आणि वीण इथे होत नाही. ती तुतारी सैबेरियाच्या उत्तर टोकाला, बर्फ वितळलेल्या टुंड्रात अंडी घालते. कुरव लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांकडे जातो. म्हणजे आपण बघतो ती त्यांची निघण्याची तयारी. चैत्रातल्या शिवडीत किंवा उरणच्या पाणथळीत उभं राहिलं की रोज गर्दी थोडी कमी झालेली दिसते. रोहित मात्र मे संपेपर्यंत, कधी पावसाच्या तोंडापर्यंत थांबतात आणि मग गुजरातकडे निघतात.

भरती-ओहोटीचं गणित इथे महत्त्वाचं. पूर्ण भरतीला चिखल बुडतो, पक्षी दुसरीकडे विसाव्याला जातात. पूर्ण ओहोटीला ते इतके लांब जातात की दुर्बिणीतही ठिपकेच दिसतात. पाणी चढत किंवा उतरत असताना, मधल्या तासांत, ते काठाजवळ येतात. कोळ्यांना हे सांगावं लागत नाही. आपल्याला तक्ता बघून जावं लागतं.

तलवारीचा किनारा

या किनाऱ्याचा आपल्याला माहीत असलेला इतिहास वेगळा आहे. शिवडीचा किल्ला इंग्रजांनी १६८० च्या सुमारास बांधला. १६८९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूत खानाने मुंबईवर चढाई केली तेव्हा त्याचं सैन्य इथेच शिवडीला उतरलं आणि पुढे माझगावपर्यंत गेलं. मुंबई बंदर आणि मुसलमान म्हटलं की इतिहासाच्या पुस्तकात सिद्दी येतो, नाखवा-नाखुदा येतात, हजला जाणाऱ्या बोटी येतात. तलवार, व्यापार आणि तीर्थयात्रा. पक्ष्यांची वही त्यात कुठे येत नाही.

ती वही उघडली गेली ती १८८३ मध्ये. त्या वर्षी १५ सप्टेंबरला भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ जण जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन केली. आठांपैकी सहा इंग्रज होते आणि दोन मराठी डॉक्टर. एक प्रार्थना समाजाचे संस्थापक आत्माराम पांडुरंग आणि दुसरे रखमाबाईंचे सावत्र वडील सखाराम अर्जुन. ज्या संस्थेला आपण साहेबांची समजतो तिच्या पायाभरणीत दोन मराठी माणसं होती, ही गोष्ट मराठी वाचकांनाही फारशी माहीत नसते. विसरण्याचा मक्ता फक्त आपल्या समाजाकडे नाही.

हलाल की नाही?

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईतला. सुलेमानी बोहरा कुटुंबातलं दहावं, शेवटचं अपत्य. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी ही सगळी पोरकी भावंडं खेतवाडीतल्या आपल्या घरी आणून वाढवली. काँग्रेसचे तिसरे अध्यक्ष बद्रुद्दीन तय्यबजी याच घराण्यातले. दांडीनंतरच्या सत्याग्रहात नेतृत्व केलेले अब्बास तय्यबजीही याच घराण्यातले.

मामू शिकारीचे शौकीन होते. त्यांनी मुलाच्या हातात छऱ्याची बंदूक दिली. मुलगा चिमण्या मारायचा, त्या हलाल करायच्या आणि खायच्या. सुट्टीत सगळं कुटुंब चेंबूरला जायचं. तेव्हाचं चेंबूर म्हणजे झाडी, डोंगर आणि पलीकडे खाडी. तिथल्या तबेल्यात चिमण्यांचं एक घरटं होतं. नर बाहेर पहारा देत बसायचा आणि मादी आत. मुलाने नर टिपला, तर थोड्याच वेळात दुसरा नर त्या जागी येऊन बसला. तोही टिपला, तर तिसरा आला. आठवडाभरात त्याने असे आठ नर मारले आणि दर वेळी मादीला नवा जोडीदार मिळाला. मुलाने हे लिहून ठेवलं. वय साधारण दहा. पुढे साठ वर्षांनी ही नोंद पक्षीनिरीक्षकांच्या एका नियतकालिकात छापली गेली, आणि अभ्यासकांना ती तेव्हाही उपयोगी वाटली. मारणं क्रूर होतं, पण मोजणं आणि लिहून ठेवणं शास्त्राचं होतं.

मग ती प्रसिद्ध चिमणी. एक दिवस मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. घरातल्या चिमणीसारखी, पण ती नव्हे. मुलाला शंका आली. नेहमीची चिमणी खायला चालते, पण ही वेगळी असेल तर मुसलमानाने खावी की नाही? तो ती घेऊन मामूंकडे गेला. मामूंना सांगता येईना. त्यांनी ती हसण्यावारी नेली नाही की "फेकून दे" म्हटलं नाही. ते नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सभासद होते. त्यांनी तिथले मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावाने चिठ्ठी दिली आणि मुलाला पाठवलं.

गोऱ्या साहेबाच्या कचेरीत कागदात गुंडाळलेली मेलेली चिमणी घेऊन दबकत शिरलेला तो मुलगा मी अनेकदा डोळ्यांसमोर आणतो. मिलार्डनी पक्षी ओळखला. पिवळ्या गळ्याची रानचिमणी. मग कपाटांचे खण उघडून त्याला पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले, वाचायला पुस्तकं दिली, पक्ष्याची कातडी कशी सोलायची आणि टिकवायची हे शिकण्याची सोय केली. सलीम अलींनी १९८५ मध्ये आत्मचरित्र लिहिलं तेव्हा त्याला नाव दिलं 'द फॉल ऑफ अ स्पॅरो'. आपलं सगळं आयुष्य त्या एका चिमणीपासून सुरू झालं असं त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं.

मी आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांना ही गोष्ट सांगतो तेव्हा एका मुद्द्यावर थांबतो. मुलाचा पहिला प्रश्न हलाल-हरामचा होता. पण "हे चालेल का" याचं उत्तर द्यायचं तर आधी "हे आहे काय" हे कळायला हवं होतं. मामूंनी दुसऱ्या प्रश्नाचा दरवाजा उघडून दिला. आपल्याकडे आज कितीतरी घरांत पहिल्या प्रश्नाचं उत्तर तयार असतं आणि दुसरा प्रश्न विचारायची पोराला परवानगीच नसते.

जुनी वाट

हा दुसरा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नव्हता. नवव्या शतकातला अल-जाहिझ हा बसऱ्याचा. बसरा हेही बंदर, आणि त्याच्या उत्तरेला स्थलांतरित पक्ष्यांनी भरून जाणारे दलदलीचे प्रदेश. त्याने 'किताब अल-हयवान' हा प्राण्यांवरचा प्रचंड ग्रंथ लिहिला. चौदाव्या शतकात इजिप्तच्या अद-दमीरीने 'हयात अल-हयवान' लिहिला, त्यात प्राण्यांची नावं वर्णक्रमाने लावली. एकेका प्राण्याखाली त्याचं नाव कुठून आलं, त्याच्या सवयी काय, त्याच्याबद्दलच्या म्हणी कोणत्या आणि तो खाणं शरीयतच्या दृष्टीने कसं, हे सगळं एकत्र. म्हणजे खेतवाडीतल्या मुलाचे दोन्ही प्रश्न दमीरीच्या एकाच पानावर शेजारी नांदत होते.

हिंदुस्थानात ही वाट मोगलांपर्यंत येते. बाबराने आपल्या आठवणींत लढायांच्या मधोमध इथले पक्षी, प्राणी, फळं यांचं वर्णन केलं. जहांगीर तर खऱ्या अर्थाने निरीक्षक होता. त्याच्याकडे सारसांची एक जोडी होती, लैला आणि मजनू. त्यांचा विणीचा हंगाम, अंडी, कोण किती वेळ उबवतं, पिलं कधी निघाली, हे त्याने दिवस मोजून नोंदवलं. त्याच्या दरबारातला उस्ताद मन्सूर हा चित्रकार पक्ष्यांची चित्रं अशी काढायचा की आजही जात ओळखता येते. सैबेरियन क्रौंचाचं त्याचं चित्र कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे.

या सगळ्यात आपल्या किनाऱ्याचाही वाटा आहे. १६१२ मध्ये जहांगीरने मुकर्रब खानाला गोव्याच्या बंदरावर पाठवलं होतं, तिथे मिळतील त्या दुर्मीळ वस्तू आणायला. त्याने आणलेल्या प्राण्यांत अमेरिकेहून पोर्तुगीज जहाजांतून आलेला टर्की कोंबडाही होता. बादशहाने त्याची मान आणि तुरा रंग कसे बदलतात ते निरखून लिहिलं आणि शब्दांवर भागणार नाही म्हणून चित्रही काढवून घेतलं. आज मोगल म्हटलं की आपल्याकडे दोनच प्रकारची भाषणं होतात, शिव्यांची किंवा गौरवाची. या कोंबड्यासमोर बसलेला, वही उघडलेला बादशहा दोन्हींत बसत नाही.

सलीम अलींना ही वाट ठाऊक होती. १९२७-२८ मध्ये त्यांनी सोसायटीच्या जर्नलमध्ये मोगल बादशहांवर निसर्ग-अभ्यासक आणि शिकारी या नात्याने लेखमाला लिहिली. म्हणजे तिशीतल्या त्या तरुणाने शास्त्राकडे जाताना मागे वळून आपलं घर नीट पाहिलं होतं.

किहीमची बेकारी

यशाच्या गोष्टी सांगताना मधली वर्षं गाळली जातात. सलीम अली मॅट्रिक कसेबसे पास झाले. कॉलेजात मन रमलं नाही. ब्रह्मदेशात तव्हॉयला कुटुंबाच्या खाण आणि लाकडाच्या धंद्यात गेले, तो धंदा पुढे बुडाला. परत येऊन मुंबईत वाणिज्य शिकले, सेंट झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र शिकले. विद्यापीठाची पदवी नव्हती म्हणून पक्ष्यांच्या नोकऱ्या हुकल्या. १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून काम मिळालं. दोन वर्षांनी रजा घेऊन बर्लिनला गेले आणि तिथे एर्विन श्ट्रेझमान या मोठ्या पक्षीशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले. १९३० मध्ये परतले तर पैशांअभावी ती जागाच रद्द झालेली.

तेव्हा ते आणि पत्नी तेहमीना बंदराच्या पलीकडच्या काठाला, अलिबागजवळच्या किहीमला, तेहमीनांच्या माहेरच्या घरात राहायला गेले. मुंबईतून भाऊच्या धक्क्यावरून रेवसची बोट धरली की आजही त्याच पाण्यावरून जाता येतं. नोकरी नाही, उत्पन्न नाही. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. त्या पावसाळ्यात ते आडोसा करून तासन्‌तास त्यांच्यासमोर बसले.

मराठीत या पक्ष्याला आपण सुगरण म्हणतो, स्त्रीलिंगी. बहिणाबाईंपासून सगळ्यांनी तिच्या विणकामाचं कौतुक केलं. सलीम अलींनी किहीमला पाहिलं ते असं. घरटं नर विणतो, तेही अर्धंच. मग माद्या येतात, तपासतात, पसंत पडलं तर ताबा घेतात. त्यानंतर नर ते पूर्ण करतो, मादी अंड्यांवर बसते आणि हा गडी शेजारी दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. नापसंत पडलेली घरटी तशीच लोंबकळत राहतात. एकामागून एक संसार मांडण्याची ही पद्धत त्यांनी नीट उलगडून लिहिली. त्या लेखाने त्यांचं नाव जगभरच्या अभ्यासकांत झालं. बेकारीतला पावसाळा असा कामी आला.

पुढचं सगळं पुस्तकांत आहे. निजामाच्या हैदराबाद संस्थानातलं पक्षी सर्वेक्षण (तेव्हा मराठवाडाही त्या संस्थानात होता), त्रावणकोर-कोचीन, कच्छ. यातल्या सुरुवातीच्या खडतर दौऱ्यांत तेहमीना सोबत असायच्या. १९३९ मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. सलीम अलींनी पुन्हा लग्न केलं नाही. १९४१ मध्ये 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' आलं, ज्यावर भारतीय पक्षीनिरीक्षकांच्या पिढ्या वाढल्या. १९६८ ते १९७४ या काळात डिलन रिप्ली यांच्यासोबतचा दहा खंडांचा ग्रंथ आला. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभा. १९८७ मध्ये ते गेले.

एकटे नव्हते

सलीम अली हा एकच अपवाद होता असं मानणंही चूक ठरेल. त्यांच्या नात्यातलेच हुमायून अब्दुलअली हे धंदा सांभाळून पक्ष्यांचा अभ्यास करणारे. सोसायटीच्या संग्रहातल्या हजारो पक्ष्यांची सूची त्यांनी वर्षानुवर्षं बसून तयार केली. सलीम अलींशी त्यांचे मतभेद व्हायचे आणि ते मागे हटायचे नाहीत. मुंबई राज्याचा १९५१ चा वन्यप्राणी आणि वन्यपक्षी संरक्षण कायदा घडवण्यात त्यांचा मोठा हात होता. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद व्हावी म्हणून त्यांनी चिवटपणे पाठपुरावा केला. बेडूक गेले तर शेतातली कीड कोण खाणार, हा त्यांचा साधा हिशेब होता.

झफर फत्तेअली यांनी १९५९ मध्ये 'न्यूजलेटर फॉर बर्डवॉचर्स' सुरू केलं. कुठल्याही गावातल्या हौशी माणसाने पाहिलेलं लिहून पाठवावं आणि ते छापलं जावं, अशी ती जागा होती. त्यांच्या पत्नी लईक, सलीम अलींच्या भाची, यांनी त्याच्या संपादनाचं काम केलं. चेंबूरच्या चिमण्यांची ती नोंद याच नियतकालिकात आली. मामूच्या घरी लिहिलेली नोंद साठ वर्षांनी भाचीच्या घरच्या नियतकालिकात छापली गेली, असा तो प्रवास आहे.

आणि संशय? तोही जुनाच. सोसायटीने पक्ष्यांच्या पायात कडी अडकवून स्थलांतराचा अभ्यास केला, त्याला काही काळ अमेरिकी पैसा मिळत होता. १९७० च्या दशकात यावरून हेरगिरी आणि जैविक युद्धाची शंका घेतली गेली, विषय संसदेपर्यंत गेला. सत्तरी ओलांडलेल्या सलीम अलींना खुलासे करावे लागले. परदेशी पैशाबद्दल प्रश्न विचारणं संसदेचं कामच होतं, त्यात धर्म नव्हता. तरीही शिवडीच्या धक्क्यावर मला त्यांची आठवण झाली. दुर्बीण धरणाऱ्याला आपण निष्पाप आहोत हे सांगावंच लागतं. कुणाला एकदा, कुणाला रोज.

ते "आपले" होते का?

इथे प्रामाणिक राहायला हवं. सलीम अली नमाजी, कर्मठ मुसलमान नव्हते. लहानपणी अर्थ न समजता करायला लावलेलं पठण आणि मोठ्यांचा दिखाऊ धर्म यांचा आपल्याला उबग आला, हे त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेवलं आहे. ते श्रीमंत, इंग्रजी शिकलेल्या घराण्यातले होते. मामूंकडे सोसायटीचं सभासदत्व होतं, बंदूक होती, किहीमला घर होतं. गोवंडीच्या किंवा शिवडीच्या चाळीतल्या पोराकडे यातलं काही नसतं. म्हणून "बघा, आमचाही एक होता" असं म्हणून त्यांची तसबीर भिंतीवर लावणं मला पटत नाही. त्याने ना त्यांचा मान राहतो, ना आपलं काही भलं होतं.

पण समाजाने त्यांना विसरण्याचं कारणही मला हेच वाटतं. आपण माणसाला मोजतो ते त्याच्या दीनदारीने किंवा मग त्याने समाजासाठी दिलेल्या भाषणाने. साठ-सत्तर वर्षं पक्षी बघितले, हे आपल्या मोजमापात बसत नाही. आपल्या मुलांना सुलेमान अलैहिस्सलाम आणि हुदहुदचा किस्सा पाठ असतो, पण हुदहुद दाखवला तर ओळखत नाहीत. हिवाळ्यात कोकणात मोकळ्या जमिनीवर तो सहज दिसतो, डोक्यावर पंख्यासारखा तुरा, लांब चोच. मराठीत त्याला हुदहुदच म्हणतात! मारुती चितमपल्लींनी आयुष्य घालवून मराठीला पक्ष्यांची नावं दिली, 'पक्षिकोश' दिला. ती नावं आपलीही आहेत. ती उच्चारायला कुणाची परवानगी लागत नाही.

आजचं बंदर

शिवडीला रोहित मोठ्या संख्येने दिसू लागले ते १९९० च्या दशकात. खाडीत शहराचं सांडपाणी येतं, त्यावर शेवाळ पोसतं आणि लहान रोहित तेच गाळून खातात. आपल्या घाणीवर त्यांचं सौंदर्य उभं आहे, असं म्हटलं तरी चालेल. २०१५ मध्ये ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. शिवडीचा चिखल मात्र अभयारण्याच्या बाहेरच राहिला. जानेवारी २०२४ मध्ये इथूनच निघणारा, सुमारे २२ किलोमीटरचा अटल सेतू सुरू झाला. पलीकडे उरणच्या बाजूला बंदर आणि शहर वाढतंय, पाणथळी भराव टाकून बुजतायत. मी पुलाच्या विरोधात नाही, त्यावरून गेलोही आहे. पण चिखलाची किंमत जमिनीच्या भावाने ठरवली तर तो नेहमीच हरणार.

रोहित इथून गुजरातकडे जातात. कच्छच्या रणातली त्यांची वसाहत महाराव खेंगारजींनी १८९३ मध्ये जगाला कळवली. १९४५ च्या एप्रिलमध्ये सलीम अली उंटावरून तिथे पोचले आणि एक लाखावर घरटी असल्याचा अंदाज बांधून आले. २०२२ मध्ये सोसायटीने ठाणे खाडीतल्या सहा रोहितांच्या अंगावर उपग्रहाने माग काढणारी यंत्रं बसवली. त्यांना नावं दिली. एकाचं खेंगारजी, एकाचं नवी मुंबई. आणखी दोघांची नावं सलीम आणि हुमायून.

भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो हसला. मग म्हणाला, "मामू, तो गार्ड त्यांना विचारेल का कुठून आलात?"

त्याला मी एक दोनशे पानी वही घेऊन दिली. पहिल्या पानावर त्याने तारीख, भरतीची वेळ आणि चार नावं लिहिली. रोहित, कुरव, पाणटिवळा, घार. पाचव्या जागी लिहिलंय, "लहान, पोटावर लाल, पळणारा. शोधायचा आहे." मी त्याला ते नाव सांगितलेलं नाही. पुढच्या वेळी तो स्वतः शोधील.

तुमच्या घरातही अशी मुलं असतील. मार्च-एप्रिलमध्ये भरतीचा तक्ता बघा, हार्बर लाइनचं तिकीट काढा आणि घेऊन जा. दुर्बीण नसली तरी चालतं. कुणी हटकलं तर शांतपणे पक्ष्यांची नावं सांगा. त्यासाठी ती आधी आपल्याला यायला हवीत.